सौदा नेमका कधी होतो?

आमच्या गावात कागद होतो तो जमीन विकताना, नाहीतर भावाभावांत वाटणी होताना. बाकी सगळा व्यवहार तोंडी. सालगडी गुढीपाडव्याला ठरतो. वर्षाचे पैसे किती, गहू-ज्वारी किती, कपड्यांचे जोड किती, हे ओसरीवर बसून ठरतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माणूस गोठ्यात हजर असतो. शेत ठेक्यानं जातं, ट्रॅक्टरवाला एकराच्या भावानं नांगरून देतो, बाया किलोच्या भावानं कापूस वेचतात, कृषी केंद्रातून बियाणं-खत उधारीवर येतं. सही कुणी करत नाही. देवळी तालुक्यातल्या अशा घरातून बी.ए. करून मी वर्ध्याला एलएल.बी.च्या पहिल्या वर्षाला आले आणि पहिल्याच सत्रात भारतीय करार कायदा, १८७२ समोर उभा राहिला.

करार म्हणजे स्टॅम्प पेपर, ही गावाची समजूत घेऊनच मी वर्गात बसले होते. सरांनी कलम १० वाचायला लावलं. सक्षम माणसांनी, मुक्त संमतीनं, कायदेशीर मोबदल्यासाठी आणि कायदेशीर उद्देशानं केलेला ठराव, जर कायद्यानं तो शून्य ठरवलेला नसेल, तर तो करार. मी ते कलम पुन्हा पुन्हा वाचलं. स्टॅम्प पेपर कुठे नव्हता. लेखी असलंच पाहिजे अशी अटच नव्हती. दुसऱ्या एखाद्या कायद्यानं लेखी मागितलं असेल, साक्षीदार किंवा नोंदणी मागितली असेल, तर ते पाळायचं, एवढंच. जमिनीच्या विक्रीला नोंदणी लागते ती मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यामुळे. करार कायदा स्वतः तोंडी शब्दाला पुरेपूर मानतो.

त्या रात्री घरी फोन करून हे बाबांना सांगितलं.

"म्हंजे सालगड्यासंग ओसरीवर बोलतो, तो बी करार हाय?" बाबांनी विचारलं.

"हो बाबा."

"अन् आपल्याले तर सांगत होते का कागद नाई तं काईच नाई."

गावात हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ते सांगणारी माणसं बहुतेक वेळा समोरच्याचे पैसे देणं लागत असत.

पण आनंद एका रात्रीपुरताच टिकला. पुढच्या तासापासून कायद्यानं मला जे गोल फिरवायला सुरुवात केली, ते सत्र संपेपर्यंत. प्रत्येक करार हा ठराव असतो, पण प्रत्येक ठराव करार नसतो, हे देशभरातल्या विधी महाविद्यालयांत पहिल्या आठवड्यात सांगितलं जातं आणि विद्यार्थी ते घोकतात. त्याच्या आत जावं तर कलम २ मध्ये व्याख्यांची साखळी: प्रस्ताव, त्याचा स्वीकार झाला की वचन, वचनाला मोबदला मिळाला की ठराव, ठरावाला कायद्याचं बळ मिळालं की करार. शिवाय शून्य ठराव वेगळा आणि शून्यकरणीय करार वेगळा. पहिला मुळातच नाही, दुसरा आहे पण ज्याची फसवणूक झाली त्याला तो मोडता येतो. हे सगळं इंग्रजीत, एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. मराठी माध्यमातून आलेल्या आम्हा बऱ्याच जणांचा पहिला महिना वाक्याचं क्रियापद शोधण्यातच गेला.

बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) चाळताना आणखी एक गोष्ट चक्रावून टाकते. कलम ७५ नंतर एकदम कलम १२४ येतं. मधली कलमं मालविक्रीची होती. १९३० मध्ये मालविक्रीचा स्वतंत्र कायदा झाला आणि ती तिकडे गेली. शेवटची, २३९ ते २६६ ही भागीदारीची कलमं १९३२ मध्ये तशीच वेगळी झाली. म्हणजे कापूस विकण्यासंबंधी जे काही वाचायचं ते अर्धं या पुस्तकात आणि अर्धं त्या पुस्तकात.

मला वाट सापडली ती कायद्याच्या आतल्या उदाहरणांमधून. १८७२ चा हा कायदा करणाऱ्यांनी बहुतेक महत्त्वाच्या कलमांखाली छोटी छोटी उदाहरणं दिली आहेत, आणि ती वकिलांच्या नाही, व्यापाऱ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या जगातली आहेत. कलम २९ म्हणतं की ज्या ठरावाचा अर्थ निश्चित नाही तो शून्य. त्याखाली एक माणूस नुसतं 'शंभर टन तेल' विकायचं कबूल करतो. कोणतं तेल ते सांगत नाही, म्हणून ठराव शून्य. दुसरा माणूस रामनगरच्या आपल्या कोठारातलं सगळं धान्य विकायचं कबूल करतो. त्यात काहीच अनिश्चित नाही, म्हणून तो चांगला. वर्ध्यातही रामनगर आहे, त्यामुळे हे कलम मला लगेच पाठ झालं. आणि हेही लक्षात आलं की आमच्याकडे व्यापारी दारात येऊन "घरातला सगळा कापूस अमुक भावानं" म्हणतो, तेव्हा वजन झालेलं नसलं तरी कायद्याच्या दृष्टीनं सौदा निश्चित असतो. तेव्हापासून मी 'अ' आणि 'ब' च्या जागी बाबा आणि व्यापारी बसवून कलमं वाचू लागले.

निवाडे वाचायला लागल्यावर मात्र पुन्हा अंधार. लंडनच्या कार्बोलिक स्मोक बॉल कंपनीनं जाहिरात दिली की आमचं औषध वापरूनही फ्लू झाला तर १०० पौंड देऊ. कार्लिल बाईंना फ्लू झाला, कंपनीनं हात वर केले, आणि १८९२ मध्ये न्यायालयानं कंपनीला पैसे द्यायला लावले. हे पटलं. पण त्याच आठवड्यात अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १९१३ चा लालमन शुक्ल विरुद्ध गौरी दत्त हा निवाडा आला. गौरी दत्त यांचा पुतण्या कानपूरहून घर सोडून गेला. त्यांनी आपला मुनीम लालमन याला शोधायला हरिद्वारकडे पाठवलं. तो गेल्यावर त्यांनी पत्रकं काढली: मुलगा शोधून देईल त्याला ५०१ रुपये बक्षीस. लालमननं मुलगा शोधून आणला, पण बक्षिसाची त्याला खबरच नव्हती. नंतर कळल्यावर त्यानं दावा केला आणि तो हरला. जो प्रस्ताव ठाऊक नाही त्याचा स्वीकार कसा होणार, हे न्यायालयाचं म्हणणं. शिवाय मुलगा शोधणं हे नोकर म्हणून त्याचं कामच होतं.

नियम मला समजला. पटायला वेळ लागला. पत्रक वाचून निघालेला कुणी परका माणूस ५०१ रुपये घेऊन गेला असता. आणि मालकाच्या शब्दावर ज्यानं खरोखर मुलगा परत आणला, तो रिकामा. आमच्या वसतिगृहात यावर मध्यरात्रीपर्यंत वाद झाला. माझ्या खोलीतली मैत्रीण आर्वीकडची, ती म्हणाली, "करार करारच्या जागी, पण मालकानं आपणहून द्याले काय झालं होतं?" तिचं म्हणणं कायद्याचं नव्हतं, तरीही योग्य होतं, असं मला आजही वाटतं. मालकाची नीयत हा या निवाड्याचा प्रश्नच नाही, हे पचवणं पहिल्या वर्षातली सर्वांत अवघड गोष्ट होती.

अज्ञानांचे करार, वेडाच्या भरात केलेले करार, पैजेचे ठराव हे प्रकरण तुलनेनं सोपं. अठरा वर्षांखालच्या मुलाशी केलेला ठराव मुळातच शून्य, हे प्रिव्ही कौन्सिलनं १९०३ मध्ये मोहोरी बीबीच्या खटल्यात कायमचं ठरवून टाकलं. तिथे मी अडखळले नाही.

दिवाळीनंतर घरी गेले, तेव्हा जे पाहिलं त्यानं मात्र अभ्यासच उलटापालटा झाला. कापसाची पहिली वेचणी घरात होती. एक व्यापारी खेडा खरेदीला गावात आला. त्यानं मुठीत कापूस घेऊन पाहिला, धागा ओढून पाहिला, भाव सांगितला. बाबांनी थोडा वाढवून मागितला, त्यानं मान हलवली, सौदा झाला. टेम्पो भरला. बाबा सोबत गेले. जिनिंगच्या फाटकाशी त्यानं सांगितलं की मालात ओल जास्त आहे, भाव क्विंटलमागे इतका कमी पडेल. भरलेला टेम्पो परत आणायचा तर भाडं आपल्याच अंगावर. बाबांनी कमी भावात माल दिला आणि रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "हे दरसालचंच हाय."

परत येऊन मी वर्गात विचारलं: सर, सौदा कुठे झाला? आमच्या अंगणात, की जिनिंगच्या काट्यावर?

सरांनी लगेच उत्तर दिलं नाही. त्यांनी आधी कलम ४ काढायला लावलं, आणि माझा गोंधळ दुप्पट झाला. या कलमाप्रमाणे एकाच स्वीकाराचे दोन क्षण असतात. पत्रानं स्वीकार कळवला, तर पत्र टपालात पडलं की प्रस्ताव करणारा बांधला गेला. पण स्वीकार करणारा स्वतः बांधला जातो ते पत्र समोरच्याच्या हाती पडल्यावर. मधल्या काळात एक जण बांधलेला आणि दुसरा मोकळा. वर्गात कुणालाच हे नीट बसेना. दोघांमधला सौदा आणि बंधन मात्र दोघांचं वेगवेगळ्या वेळी? सर म्हणाले, ग्रंथालयातून भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा काढा आणि सगळा वाचा.

नोट्समध्ये हा खटला दोन ओळींत असतो: दूरध्वनीवरचा करार जिथे स्वीकार ऐकू येतो तिथे होतो. परीक्षेला तेवढं पुरतं. मूळ निवाडा उघडला तेव्हा पहिल्याच परिच्छेदात खामगाव दिसलं. बुलढाणा जिल्ह्यातलं, आमच्यासारखंच कापसावर जगणारं खामगाव. आणि ज्या मालावरून भांडण झालं तो माल म्हणजे सरकीची ढेप. आमच्या गोठ्यात रोज भिजत घातली जाते तीच. इतके दिवस मी लंडनच्या औषधांचे, इंग्लंडमधल्या गिरण्यांचे आणि कलकत्त्याच्या घरांचे खटले वाचत होते. देशातल्या करार कायद्याचा एवढा मोठा निवाडा विदर्भातल्या ढेपेवर झालेला आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

हकीकत अशी. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादची गिरधारीलाल पुरुषोत्तमदास ही पेढी आणि खामगावची केडिया जिनिंग फॅक्टरी ऑइल मिल्स यांच्यात ट्रंक कॉलवर ढेपेचा सौदा झाला. अहमदाबादवाल्यांच्या म्हणण्याप्रमाणे माल आला नाही. त्यांनी ३१,१५० रुपयांचा दावा अहमदाबादच्या शहर दिवाणी न्यायालयात लावला. खामगाववाले म्हणाले, आम्ही फोनवर होकार दिला तो खामगावात बसून, म्हणून करार खामगावात झाला. अहमदाबादच्या न्यायालयाला इथे अधिकार काय? अहमदाबादच्या व्यापाऱ्याला खामगावात येऊन लढावं लागणार की खामगावच्या गिरणीमालकाला अहमदाबादला खेटे घालावे लागणार, हे त्या एका प्रश्नावर अवलंबून होतं: होकार कुठे पूर्ण झाला, जिथे तोंडातून निघाला तिथे की जिथे कानावर पडला तिथे?

३० ऑगस्ट १९६५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, आणि तो एकमतानं नव्हता. न्यायमूर्ती शहा आणि न्यायमूर्ती वांच्छू म्हणाले की कलम ४ मधला टपालाचा नियम फोनला लागू होत नाही. फोनवर दोन माणसं एका अर्थी समोरासमोरच असतात; होकार ऐकू आला तरच सौदा झाला; तो अहमदाबादला ऐकू आला, म्हणून करार अहमदाबादला झाला. १८७२ मध्ये कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टेलिफोन असणंच शक्य नव्हतं. त्याचं पेटंट १८७६ चं. इंग्लंडच्या न्यायालयानंही १९५५ मध्ये टेलेक्सच्या एका खटल्यात असाच नियम मांडला होता.

तिसरे न्यायमूर्ती हिदायतुल्ला. त्यांनी वेगळं मत लिहिलं. कायद्याचे शब्द पाहा, ते म्हणाले. स्वीकार करणाऱ्याच्या हाताबाहेर जाईल अशा रीतीनं होकार निघाला की प्रस्ताव करणारा बांधला गेला. फोनमध्ये बोललेला शब्द परत घेता येत नाही. मग करार खामगावातच झाला. शब्द जुने असले तरी नव्या यंत्रालाही ते पुरतात, असं त्यांचं म्हणणं.

हिदायतुल्ला नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. नागपूर उच्च न्यायालयात त्यांनी वकिली केली, तिथेच १९५४ मध्ये ते मुख्य न्यायाधीश झाले, आणि आमच्या नागपूर विद्यापीठाच्या विधी शाखेचे ते अधिष्ठाताही होते. पुढे भारताचे सरन्यायाधीश आणि उपराष्ट्रपती. ज्या विद्यापीठाची परीक्षा मी देते आहे, त्याच्या विधी शाखेच्या एका अधिष्ठात्यानं खामगावच्या ढेपेसाठी दोन सहकाऱ्यांपेक्षा वेगळं मत दिलं होतं. ते मत हरलं. आजही कायदा बहुमताचाच आहे आणि परीक्षेत तोच लिहायचा. तरी वाचताना मला हिदायतुल्लांचं मत अधिक जवळचं वाटलं, कारण ते कायद्याच्या शब्दाला धरून चालतं. बहुमतात व्यवहाराचं शहाणपण जास्त आहे, हेही मान्य: फोन मध्येच कट झाला आणि होकार पोचलाच नाही, तर सौदा झाला असं कसं म्हणणार?

त्या निवाड्यानं माझी भीती बरीच कमी केली. सौदा कधी आणि कुठे होतो यावर सर्वोच्च न्यायालयातले तीन न्यायाधीश एकमत होऊ शकले नाहीत, तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला तो प्रश्न अवघड वाटणं यात काही वावगं नाही.

मग सर माझ्या प्रश्नाकडे वळले. त्यांचं उत्तर मी जसं समजले तसं सांगते. व्यापाऱ्यानं भाव सांगितला, बाबांनी वाढवून मागितला, म्हणजे पहिला प्रस्ताव संपला आणि बाबांचा नवा प्रस्ताव सुरू झाला. व्यापाऱ्यानं मान हलवली. वागण्यातूनही स्वीकार होतो, कायद्यात त्याला जागा आहे. तिथेच अंगणात करार झाला. ओल पाहून भाव ठरेल असं त्यानं अंगणातच सांगितलं असतं, तर ती कराराची अट झाली असती. तसं तो बोलला नसेल, तर फाटकावरची कटती म्हणजे झालेला करार बदलणं, आणि करार बदलायला कलम ६२ प्रमाणे दोघांचीही संमती लागते.

"पण बाबांनी दिला ना माल कमी भावात," मी म्हटलं. "ती संमतीच झाली की."

"आता तू कलम १३ ते १९ वर आलीस," सर म्हणाले.

मुक्त संमती हा या कायद्याचा प्राण आहे, आणि माझ्या मते त्याची सर्वांत कच्ची जागाही. कलम १५ मधली जबरदस्ती म्हणजे दंडविधानानं गुन्हा ठरवलेली कृती किंवा तिची धमकी, अथवा मालमत्ता बेकायदा अडकवून ठेवणं. भरलेला टेम्पो, परतीचं भाडं, घरी वेचणाऱ्या बायांची मजुरी द्यायची बाकी, यातलं काही त्या व्याख्येत बसत नाही. गरज ही जबरदस्ती नव्हे, असं कायदा म्हणतो.

मात्र कलम १६ वाचताना मी थांबले. ते गैरवाजवी दडपणाचं कलम. त्याखालच्या एका उदाहरणात चक्क गावचा सावकार आहे. 'अ' हा आपल्या गावच्या सावकाराचा कर्जदार. तो आणखी कर्ज घेतो, पण अशा अटींवर की त्या पाहूनच अन्याय वाटावा. अशा वेळी दडपण आणलं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर. त्याच्या लगेच खालचं उदाहरण बँकेचं: बाजारात पैशाची टंचाई असताना बँकर जास्त व्याज मागतो, कर्जदार कबूल होतो, तो नेहमीचा धंदा, दडपण नव्हे. दोन्ही उदाहरणं एकाखाली एक छापलेली आहेत. कर्ज तेच, गरज तीच. फरक आहे तो देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या आधीपासूनच्या नात्यात. गावातला सावकार कर्जदाराच्या मनावर ताबा ठेवून असतो, हे या कायद्याच्या पानावर लिहिलेलं आहे. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये सावकारी नियमनाचा कायदा केला आणि अवैध सावकारीतून बळकावलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला. त्याचं मूळ मला या चार ओळींच्या उदाहरणात दिसतं.

संमतीचा प्रश्न घेऊनच मी एका रविवारी सेवाग्रामला गेले. आश्रम माझ्यासाठी नवा नाही, शाळेच्या सहलीपासून पाहिलेला. या वेळी गांधीजींचं आत्मचरित्र मी करार कायद्याची विद्यार्थिनी म्हणून वाचत होते. १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीशी झालेल्या एका वर्षाच्या करारावर ते दक्षिण आफ्रिकेला गेले: १०५ पौंड आणि जाण्यायेण्याचं पहिल्या वर्गाचं भाडं. ज्या खटल्यासाठी गेले तो त्यांनी लवादाकडे नेऊन मिटवला आणि हरलेल्या पक्षाला हप्त्यांनी पैसे फेडू द्यायला आपल्या पक्षकाराला राजी केलं. हे सगळं दोन मोकळ्या माणसांमधल्या करारासारखं. पण त्याच देशात बालसुंदरम् होता. तमीळ गिरमिटिया, पाच वर्षांच्या करारानं बांधलेला, मालकानं दात पडेपर्यंत मारलेला. तो रक्तानं भिजलेलं मुंडासं हातात घेऊन गांधीजींकडे आला. साध्या नोकराला काम सोडता येतं. मालकानं फार तर नुकसानभरपाई मागावी. गिरमिटियानं काम सोडलं तर तुरुंग. गांधीजींनी त्याचा करार दुसऱ्या मालकाकडे बदलून घेतला. करार मात्र संपला नाही.

आणि हे फक्त आफ्रिकेत नव्हतं. मजुरानं आगाऊ पैसे घेऊन काम सोडलं तर त्याला शिक्षा करणारा १८५९ चा कायदा आपल्या देशात १९२५ पर्यंत होता. म्हणजे मुक्त संमती मागणारा करार कायदा आणि करार मोडणाऱ्या मजुराला तुरुंगात घालणारा कायदा, दोन्ही एकाच वेळी, एकाच सरकारच्या पुस्तकात. आमच्या पाठ्यपुस्तकात पहिला आहे, दुसऱ्याचा उल्लेख मला सापडला नाही. तो असायला हवा होता. त्याशिवाय सक्तीच्या मजुरीला मनाई करणाऱ्या संविधानाच्या कलम २३ चं मोल कळत नाही. त्याच कलमाच्या आधारे सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सांगितलं की भुकेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणं ही सक्तीची मजुरीच. करार कायद्याच्या कलम १५ नं जी गरज दाराबाहेर ठेवली, ती संविधानानं घरात घेतली. गुढीपाडव्याला आमच्या ओसरीवर सालगड्याशी होणारं बोलणं मी आता या नजरेनं ऐकते, आणि बाबांनाही ते सांगितलं आहे. या वर्षी ठरलेली रक्कम, धान्य आणि सुट्ट्या एका वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या. एक प्रत त्याच्याकडे आहे.

सत्राची परीक्षा झाली. कलम ४ चे दोन क्षण मला आता समजतात, तरी विचार करावा लागतो. जे करार कायद्याच्या पहिल्या वर्षात आहेत त्यांना माझं एवढंच सांगणं: नोट्समधल्या दोन ओळींवर थांबू नका, खामगावचा निवाडा हिदायतुल्लांच्या वेगळ्या मतासह सगळा वाचा. शिकवणाऱ्यांना विनंती, की विदर्भातल्या मुलांना तो पहिल्या महिन्यातच द्यावा. कार्बोलिक स्मोक बॉल नंतर आला तरी चालेल.

आणि ज्यांच्या घरी कापूस आहे त्यांना. बाजार समितीच्या आवारात, हिंगणघाटला असो की पुलगावला, लिलाव सगळ्यांसमोर होतो आणि हिशोबपट्टी मिळते. ती जपून ठेवा. दारात सौदा झाला, तर भाव, ओलीची अट आणि तारीख व्यापाऱ्याच्या समोरच एका चिठ्ठीवर लिहा, त्याची सही घ्या. तो नको म्हणाला तर तिथेच त्याला फोनवर तेवढा मजकूर पाठवा आणि त्याचा होकार येईपर्यंत टेम्पो भरू नका. इलेक्ट्रॉनिक मार्गानं झालेला करार माहिती तंत्रज्ञान कायदा मानतो, आणि असा मजकूर कायद्यानं घातलेल्या अटी पाळून पुराव्यात दाखल करता येतो. पैसे राहिले असतील तर वाट पाहत बसू नका. उधारीची मुदत ठरली नसेल, तर विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा लावायला तीन वर्षं असतात, आणि ती माल दिल्याच्या दिवसापासून मोजली जातात.